आजोळी आलेली दोन भावंडं आणि दरमहा चार हजारांचा प्रश्न

आई आजारपणात वारली. वडील दोन वर्षांपासून घर सोडून गेलेले, पत्ता नाही. १२ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा आजोळी, आईच्या आईकडे राहायला आले. आजी ६१ वर्षांच्या, विधवा. शेतमजुरीतून वर्षाला ४८ हजारांच्या आसपास हातात पडतात. भिंतीला भिंत लागून मामाचं बिऱ्हाड. मामा टेम्पो चालवतो, त्याचीही दोन मुलं शिकतात.

हे कुठल्या एका घराचं प्रकरण नाही. महाराष्ट्रात नात्यातल्या मुलांना सांभाळणाऱ्यांना ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्या एका घरात एकत्र दिसाव्यात म्हणून ते रचलं आहे. कायदा, रकमा आणि अटी मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

गावात कुणीतरी सांगतं, "अनाथ मुलांना महिन्याला चार हजार मिळतात." मामा दुसऱ्याच दिवशी सेतू केंद्रात जाऊन फॉर्म मागतो. तिथे त्याला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज मिळतो, बँकेत 'पालक कोण?' असं विचारतात आणि तलाठी वडिलांच्या मृत्यूचा दाखला मागतो. तीन आठवडे असेच जातात. सुरुवात उलट्या टोकाने झाल्यामुळे हे होतं. पैसा हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी ही मुलं कायद्याच्या नजरेत कोण आहेत आणि ती आजींकडे कोणत्या नात्याने राहतात, हे बालकल्याण समितीकडून, म्हणजे काळजीची गरज असलेल्या मुलांबद्दल आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडून, लेखी ठरवून घ्यावं लागतं. एकदा ते ठरलं की बाकीची कागदपत्रं त्यामागून येतात.

वडील जिवंत असतील तर मुलं अनाथ कशी?

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात. वडिलांचा मृत्यूचा दाखला नाही, म्हणून मुलं 'अनाथ' नाहीत, असं तोंडी सांगून अर्जदाराला परत पाठवलं जातं. बेपत्ता माणसाला सात वर्षांनी मृत मानता येतं, तोवर थांबा, असाही सल्ला मिळतो. दोन्ही चूक आहेत.

बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये 'अनाथ' या शब्दाची व्याख्या दोन भागांत आहे. ज्याला जैविक किंवा दत्तक आईवडील वा कायदेशीर पालक नाहीत, ते मूल अनाथ. त्याचबरोबर, ज्याचा कायदेशीर पालक त्याला सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, तेही मूल अनाथ. या भावंडांसाठी दुसरा भाग लागू होतो. आईवडिलांनी सोडून दिलेलं मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं, हेही त्याच कायद्यात आहे.

म्हणून वडिलांच्या बाबतीत मृत्यूच्या दाखल्यामागे न लागता ते बेपत्ता असल्याचा पुरावा उभा करायचा. पोलीस ठाण्यात बेपत्ता झाल्याची नोंद करून तिची प्रत घ्यावी. दोन वर्षांपूर्वी ती केली नसेल तर आता करावी, उशीर झाला म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. जोडीला वडिलांच्या मूळ गावच्या ग्रामपंचायतीचा किंवा पोलीस पाटलांचा दाखला आणि आजींचं स्वयंघोषणापत्र. घोषणापत्रात 'वडील वारले असावेत' असं लिहू नये. वडिलांशी शेवटचा संपर्क कधी झाला, खर्चाला शेवटचे पैसे कधी आले, सासरच्यांकडे चौकशी केली तेव्हा काय उत्तर मिळालं, एवढंच तारखांसह लिहावं.

आईच्या मृत्यूची नोंद मात्र लगेच हवी. २१ दिवसांच्या आत ती विनाशुल्क होते. नंतर विलंब शुल्क आणि वरिष्ठांची परवानगी लागते.

दोन योजना, त्यातली एकच

केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली प्रायोजकत्व, म्हणजे मुलाला घरीच सांभाळण्यासाठी दरमहा मदत मिळते. कार्यालयात सगळे त्याला स्पॉन्सरशिप म्हणतात. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्कम दरमहा प्रत्येक मुलामागे ४,००० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजार आणि इतरत्र ९६ हजारांच्या आत हवं. याचा आधार बाल न्याय अधिनियमाचं कलम ४५. त्यात चार प्रकारच्या मुलांचा उल्लेख आहे: आई विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकलेली असेल ती, अनाथ असून विस्तारित कुटुंबात राहतात ती, आईवडिलांना जीवघेणा आजार असेल ती, अपघातामुळे आईवडील पैशाने आणि शरीराने सांभाळ करू शकत नाहीत ती. आपली भावंडं दुसऱ्या प्रकारात नेमकी बसतात.

राज्याची योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. तिचं अनुदान दीर्घकाळ ४२५ रुपयांवर अडकलं होतं, मग ११०० झालं आणि २०२३ पासून दरमहा प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये आहे. एक पालक असलेली मुलंही तिच्यात येतात. अनेक जिल्ह्यांत तिचं काम स्वयंसेवी संस्थांमार्फत चालतं.

एका मुलासाठी एका वेळी यांपैकी एकाच योजनेचा लाभ मिळतो. दोन भावंडांसाठी प्रायोजकत्व म्हणजे महिन्याला ८,००० आणि बालसंगोपन म्हणजे ४,५००. वर्षाला ४२ हजारांचा फरक पडतो. ४८ हजार कमावणाऱ्या घरासाठी तो फार मोठा आहे. म्हणून उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर आधी प्रायोजकत्वाचाच अर्ज करावा. संस्थेच्या कार्यकर्त्याने बालसंगोपनाचा फॉर्म आधीच भरून घेतला असेल, तर तो आहे एवढं समितीपुढे सांगून टाकावं. दोन्ही अर्ज चालू राहिले आणि एकाचा हप्ता आला, की दुसरा रद्द होतो आणि वसुलीचा प्रश्नही निघू शकतो.

उत्पन्नाचा दाखला

मामाने पहिल्यांदा काढलेल्या दाखल्यावर आकडा होता १,५६,०००. तलाठ्याने पंचनाम्यात आजींचे ४८ हजार आणि मामाचे १ लाख ८ हजार एकत्र धरले. भिंत एकच, आडनाव एकच, दारात टेम्पो उभा. बाहेरून पाहणाऱ्याला ते एकच कुटुंब वाटणार. त्या दाखल्यावर प्रायोजकत्व मिळणं शक्यच नव्हतं.

इथे खरी स्थिती काय आहे यावर सगळं अवलंबून आहे. या घरात आजींची शिधापत्रिका वेगळी होती, चूल वेगळी होती आणि त्यांच्या खोलीची घरपट्टी त्यांच्या नावावर भरली जात होती. त्यामुळे दुरुस्ती सरळ होती: शिधापत्रिकेची प्रत, घरपट्टीची पावती आणि वीजबिल जोडून स्वतंत्र कुटुंब म्हणून नव्याने अर्ज. तहसीलदारांचा नवा दाखला ४८ हजारांचा आला. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या, म्हणजे या योजनांचं काम पाहणाऱ्या कार्यालयाच्या, कार्यकर्त्या गृहभेटीला आल्या तेव्हा त्यांनीही दोन चुली पाहिल्या आणि अहवालात तशी नोंद केली. दाखला आणि गृहभेटीचा अहवाल एकच गोष्ट सांगतात तेव्हा अर्ज अडत नाही.

आता उलट बाजू. आजी खरोखर मामाच्याच पंगतीत जेवत असत्या, तर कागदावर वेगळी चूल दाखवणं खोटं ठरलं असतं. काही 'जाणकार' तेच सुचवतात. ते करू नये. गृहभेटीत ते उघड होतं आणि एकदा अहवालात संशय नोंदला गेला की त्याच घरचा बालसंगोपनाचा अर्जही संकटात येतो. ७२ हजारांची मर्यादा मिशन वात्सल्यची आहे. एकत्र कुटुंबाने सरळ २,२५० च्या योजनेत जावं.

आणखी एक गुंता पुढे येऊ शकतो. आजी ६५ वर्षांच्या झाल्या की वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांसाठी अर्ज करतील. तिथे उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे. एका टेबलावर ४८ हजारांचा दाखला आणि दुसऱ्या टेबलावर २० हजारांचा, असं चालत नाही. दोन्ही कागद त्याच तहसीलमधून निघतात. त्या वेळी त्यांची मजुरी खरोखर थांबली असेल तर नवा दाखला नव्या परिस्थितीवर घ्यावा.

दाखल्याची मुदत साधारणपणे ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला समितीपुढे पोचेपर्यंत जुना झालेला असतो, तेव्हा तारखेचा हिशेब आधीच करावा.

समितीपुढे

आजींच्या मनात एक भीती होती आणि ती बहुतेक घरांत असते: समितीपुढे मुलांना नेलं तर ते त्यांना बालगृहात टाकतील. बालगृह हा कायद्यानेच शेवटचा पर्याय मानला आहे. मूल कुटुंबात सुरक्षित असेल तर त्याला तिथेच ठेवण्यासाठीच प्रायोजकत्व दिलं जातं. आजींना हे आधी कुणीतरी शांतपणे सांगायला हवं, कारण या भीतीपोटी लोक मुलांना हजरच करत नाहीत आणि अर्ज तिथेच थांबतो.

जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात अर्ज द्यायचा. तिथवर पोचणं जमत नसेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन केला तरी प्रकरण नोंदलं जातं. अर्जासोबत लागतात ते कागद: मुलांचं आणि आजींचं आधार, आईच्या मृत्यूचा दाखला, वडील बेपत्ता असल्याचे पुरावे, दोन्ही मुलांचं शाळेचं बोनाफाईड, रहिवासी दाखला, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, सगळ्यांचे पासपोर्ट आकाराचे फोटो आणि घरासमोर मुलांसोबत उभं राहून काढलेला पोस्टकार्ड आकाराचा रंगीत फोटो. हा शेवटचा फोटो लोक हमखास विसरतात. एवढ्यासाठी पुन्हा जिल्ह्याच्या गावाला जाण्यात आजींची एक दिवसाची मजुरी बुडते.

बोनाफाईड जुन्या शाळेचं नसावं. मुलं आजोळच्या शाळेत दाखल झाल्याचं ते हवं. जुन्या शाळेचा दाखला यायला वेळ लागला तरी शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही.

समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते. कायद्यात त्यासाठी १५ दिवस आणि अंतिम आदेशासाठी मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिने ठरवले आहेत. अंतिम आदेशाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. बैठकीची तारीख घेताना हे विचारून घ्यावं, नाहीतर मुलांची शाळा बुडवून जावं आणि नुसती पुढची तारीख मिळावी असं होतं.

आदेश हातात पडला की तिथल्या तिथे वाचावा. चार गोष्टी त्यात हव्यात: दोन्ही मुलांची नावं आधारवरच्या अक्षरांप्रमाणे, मुलांचा ताबा आजींकडे असल्याचं स्पष्ट वाक्य, योजनेचं नाव आणि लाभ कोणत्या तारखेपासून व कुठवर. ताब्याचं वाक्य नसेल तर ते घालून मागावं. त्याचा उपयोग बँकेत होतो, शाळेत होतो, दवाखान्यात होतो. नंतर दुरुस्ती करून घेणं म्हणजे पुन्हा सगळा फेरा.

आदेशानंतर प्रकरण जिल्ह्याच्या प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) मान्यता समितीकडे जातं. अर्ज नाकारला गेला तर नकार लेखी घ्यावा. प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्वाबद्दलच्या निर्णयावर अपील ३० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतं, पण त्यासाठी हातात आदेश हवा.

खातं कुणाचं, पैसे कुणाच्या हातात

या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा भाग इथे होता आणि तो योगायोगानेच वेळेत लक्षात आला. मुलाचं शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी पूर्वी उघडलेलं एक खातं होतं. आजींनी त्याचंच पासबुक जोडलं. त्या खात्यावर पालक म्हणून नाव होतं वडिलांचं. एटीएम कार्डही त्यांच्याकडेच. मुलाचं आधार त्या खात्याशी जोडलेलं असल्यामुळे दरमहा चार हजार रुपये दोन वर्षं घराकडे न फिरकलेल्या माणसाच्या हाती पडले असते.

थेट लाभ हस्तांतरणाची (डीबीटी) रक्कम आधार क्रमांकावर येते तेव्हा ती अर्जावर लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. ज्या खात्याशी आधार सर्वांत शेवटी सीड झालं, म्हणजे लाभासाठी जोडलं गेलं, त्यात ती जाते. नुसतं केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं होत नाही. बँकेत डीबीटीसाठी वेगळा संमती अर्ज भरून द्यावा लागतो. म्हणून नवं खातं उघडल्यावर आधार त्याच्याशी सीड करून घ्यावं आणि आधारशी कोणती बँक जोडलेली दिसते ते एकदा तपासून पाहावं. हे केल्याशिवाय पासबुकाची प्रत जमा करू नये.

मुलीचं काम सोपं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १० वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं उघडून चालवता येतं, बँकेच्या अटींच्या मर्यादेत. तिचं खातं तिच्याच नावाने उघडलं.

मुलगा ७ वर्षांचा. त्याच्या खात्यावर नैसर्गिक किंवा कायदेशीर पालक हवा आणि कायद्याने आजी नैसर्गिक पालक नाहीत. बहुतेक शाखा इथेच 'कोर्टाचा कागद आणा' म्हणतात. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक घेता येते, पण त्यात वकील, खर्च आणि महिने जातात. त्याआधी दोन मार्ग करून पाहावेत. पहिला, समितीच्या ताब्याच्या आदेशाची प्रत आणि बाल संरक्षण कक्षाचं पत्र घेऊन शाखा व्यवस्थापकाला भेटणं. दुसरा, मुलाचं खातं नसल्यास सांभाळ करणाऱ्याचं खातं चालेल का, हे कक्षाकडून लेखी घेणं; बालसंगोपनात तशी सोय दिली जाते. मुलाच्या नावावर पुढे जमीन किंवा विम्याची रक्कम येणार असेल, तर मात्र न्यायालयातून पालकत्व घेतलेलंच बरं.

मुलाच्या आधारचंही काम राहिलं होतं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारवर बोटांचे ठसे नसतात. पाचव्या वर्षानंतर ते द्यावे लागतात आणि सातव्या वर्षापर्यंत दिले नाहीत तर आधार निष्क्रिय होऊ शकतं. मोबाइल क्रमांक आईचा होता, तो बंद पडलेला. ओटीपी येत नाही म्हणून पुढचं प्रत्येक काम अडलं असतं. केंद्रावर एकाच खेपेत ठसे आणि नवा क्रमांक दोन्ही करून घ्यावेत.

वडील परत आले तर? समितीचा आदेश असेपर्यंत त्यांनी मुलांना परस्पर नेऊ नये. त्यांनी समितीपुढे अर्ज करायचा, आणि समिती मुलांचं ऐकून ठरवेल. आजींनी त्यांच्याशी भांडत बसण्यापेक्षा बाल संरक्षण कक्षाला त्याच दिवशी लेखी कळवावं.

पहिला हप्ता येईपर्यंत

अर्ज पावसाळ्यात केला तर पैसे उन्हाळ्याच्या तोंडावर आले, असं सहज होतं. निधी उपलब्ध झाला की काही महिन्यांचे हप्ते एकत्र जमा होतात, मग पुन्हा खंड पडतो. दर महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार समजून किराणा उधार आणणाऱ्यांची फार ओढाताण होते. दुकानदाराला 'पुढच्या महिन्यात' सांगू नये.

मधल्या काळात धान्य लगेच सुरू करता येतं आणि तेच बहुतेक घरांत मागे राहतं. मुलांची नावं वडिलांच्या शिधापत्रिकेतून कमी करून आजींच्या पत्रिकेत चढवावीत. पत्रिका प्राधान्य कुटुंबाची असेल तर माणशी ५ किलो, म्हणजे दोघांचं महिन्याला १० किलो धान्य मोफत वाढतं. वडिलांच्या पत्रिकेतून नाव कमी करायला कुणी हजर नसतं, तेव्हा समितीचा आदेश पुरवठा शाखेत दाखवावा. शाळेतला पोषण आहार, पाठ्यपुस्तकं आणि जातीनिहाय शिष्यवृत्त्या मुख्याध्यापकांकडून स्वतंत्रपणे मिळतात, त्या या योजनेच्या आड येत नाहीत.

पैसे आल्यावर एक वही ठेवावी. वह्या-दप्तर, कपडे, औषधं, एसटीचा पास, एवढे चार रकाने पुरतात. रक्कम मुलांची आहे, आजींची मजुरी नाही. गृहभेटीत पहिला प्रश्न पैसे कुठे खर्च झाले हाच असतो. घरातल्या जेवणाचा वाटा त्यातून काढणं गैर नाही आणि आजींनी त्याबद्दल संकोच बाळगू नये. मामाच्या टेम्पोचा हप्ता मात्र त्यातून जाता कामा नये.

शाळेची हजेरी अनियमित झाली तर प्रायोजकत्व थांबवलं जातं. कापूसवेचणीच्या दिवसांत मुलीला धाकट्याला सांभाळायला घरी ठेवणं इथे महाग पडतं. नूतनीकरणाच्या वेळी चालू वर्षाचं बोनाफाईड लागतं, ते जूनच्या अखेरीस शाळेतून मागून ठेवावं.

आठवीचा प्रश्न

मुलगी सातवीत आहे आणि गावातली शाळा तिथेच संपते. पुढे तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीचा पैशावर वेगळा परिणाम होतो.

तालुक्याच्या वसतिगृहात घातलं तर तिच्यापुरतं प्रायोजकत्व बंद होतं, कारण ते कुटुंबात राहणाऱ्या मुलासाठी आहे. वसतिगृह मोफत असलं तरी घराचे चार हजार कमी होतात, हे प्रवेशाआधी माहीत असावं.

दुसरी वाट अशी, की आईची एक जुनी मैत्रीण तालुक्याला राहते, ती आणि तिचा नवरा मुलीला ठेवून घ्यायला तयार आहेत. नात्याबाहेरच्या कुटुंबात समितीच्या आदेशाने मूल राहिलं, तर ते कलम ४४ खालचं प्रतिपालकत्व. रक्कम तीच, ४,००० रुपये. पण आजींना ज्यासाठी आपलं उत्पन्न कमी असल्याचं दाखवावं लागलं, त्याच रकमेसाठी या जोडप्याला मूल सांभाळण्याची कुवत, इच्छा आणि तयारी दाखवावी लागेल. त्यांच्या घराची चौकशी होईल, समिती दर महिन्याला पाहणी करेल आणि काळजीत उणीव दिसली तर मूल काढून घेतलं जाईल. शिवाय भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं असं याच कलमात आहे, त्यामुळे बहिणीला भावापासून का वेगळं ठेवायचं याचं उत्तर समितीला द्यावं लागेल. नुसती शाळा लांब आहे हे कारण पुरेसं नाही, असंच आमचं मत आहे. आणि समितीला न विचारता मुलीला मैत्रिणीकडे ठेवून पैसे आजींच्या पत्त्यावर घेत राहिलं, तर ती सरळ फसवणूक ठरते.

तिसरी वाट एसटीची. रोज जाऊन-येऊन शाळा. प्रायोजकत्व चालू राहतं, भावंडं एकत्र राहतात आणि पासचा खर्च त्याच रकमेतून निघतो. सकाळची गाडी शाळेच्या वेळेशी जुळत असेल तर या घरासाठी हीच वाट धरावी.

१८ वर्षं पूर्ण झाली की प्रायोजकत्व संपतं. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी कलम ४६ खाली पुढची मदत आहे, पण आजीकडे वाढलेल्या मुलीला ती लागू होत नाही. तिची अठरा वर्षं बहुधा बारावीच्या आसपास भरतील, म्हणजे नेमकी कॉलेजची फी भरायच्या वेळी. दहावीच्या सुट्टीपासूनच तिच्या खात्यात महिन्याला पाचशे रुपयांचं आवर्ती ठेव खातं जोडावं आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास हे कागद अकरावीतच काढून ठेवावेत. वडिलांकडचे जातीचे पुरावे मिळायला या घरात वेळ लागणार आहे, तेव्हा त्यासाठी वडिलांच्या मूळ गावच्या शाळेत त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज आत्ताच टाकावा.